छप्पन्न खड्यांची टोपली

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचे नावसुद्धा आता कोणाला सांगता येत नाही. डोंगराच्या पायथ्याशी गाव होते, गावापुढे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे शेते होती. ओढ्यावर दोन लाकडांचा एक साकव होता. सगळे गाव त्यावरून सकाळी शेतावर जायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

हे गाव झोपेसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. एखादा वाटसरू मुक्कामाला राहिला, की सकाळी नवल करायचा, "तुमच्याकडे रात्री कोणी कूस बदललेलीसुद्धा ऐकू येत नाही. हे कसं काय?" गावकरी अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे जागलीण आहे."

आता जागलीण म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. पीक उभे राहिले, की शेतात रात्री जागल करायला माणूस बसतो. तो रानडुकरांपासून पीक राखतो. या गावात एक बाई लोकांच्या काळज्या राखायची. दिवेलागणीला प्रत्येक घरातून एक जण पारावर यायचा. त्याच्या हातात ओढ्यातला एक खडा असायचा. तो जागलिणीच्या कानाशी वाकून आपली काळजी सांगायचा, खडा तिच्या टोपलीत टाकायचा आणि घरी जाऊन ढाराढूर झोपायचा.

जागलीण ती टोपली घरी नेऊन उशाशी ठेवायची. रात्रभर एकेक खडा हातात घ्यायचा, तो कोणाचा आणि त्यात काय आहे ते मनात म्हणायचे, मग पुढचा घ्यायचा. डोळा लागू द्यायचा नाही. तिचा डोळा लागला, तर काळजी खरी होते, अशी गावाची समजूत होती. उजाडले, की ज्याचा खडा त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचा. संध्याकाळी बहुतेक तेच खडे पुन्हा टोपलीत यायचे.

याला एक नियम होता. रात्रीची गोष्ट दिवसा काढायची नाही. जागलिणीने तर मुळीच नाही.

ही चाल पडली कशी, तेही ऐका. कधीतरी गावात तापाची साथ आली होती. लोक आठ आठ दिवस झोपले नव्हते. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "आजची रात्र तुमच्या काळज्या माझ्यापाशी ठेवा. मी जागते, तुम्ही झोपा." म्हातारी आजची रात्र म्हणाली होती. एक रात्र! लोक झोपले, त्यांना बरे वाटले आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही आले. साथ गेली, पण लोक यायचे थांबले नाहीत. म्हातारी मेली, तेव्हा त्यांनी टोपली तिच्या सुनेच्या हातात दिली. कोणी तरी केलेल्या एका रात्रीच्या उपकाराचे गावाने असे पिढीजात काम करून टाकले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

आपल्या गोष्टीतल्या जागलिणीचे खरे नाव साळू. पण ते नाव माहेरीच राहिले. सासूमागून टोपली तिच्याकडे आली, त्याला बारा वर्षे झाली होती. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हते. ती राहायची ते घरही टोपलीबरोबर आलेले. ज्याच्या हाती टोपली, त्याचे ते घर, असा गावाचा ठराव होता.

गावात घरे अठ्ठावन्न होती आणि टोपलीत खडे छप्पन्न. एक घर जागलिणीचे स्वतःचे. तिने आपली काळजी कोणाला द्यायची, याचा विचार कोणी केलाच नव्हता. दुसरे घर कुंभारणीचे. ती कधीच खडा आणायची नाही. पारावरून जाताना म्हणायची, "माझं मी बघते. तुला कमी आहेत का?"

साळूला छप्पन्नही खडे अंधारात हाताला कळायचे. पाटलांचा चपटा आणि गुळगुळीत. वैद्यांचा सुपारीएवढा. सुताराचा तीन कोनांचा, बोटाला टोचणारा. जी काळजी संध्याकाळी हरभऱ्याएवढी असायची, ती मध्यरात्री भोपळ्याएवढी व्हायची. कोणाची गाय आटायची, कोणाच्या लेकीला सासरी त्रास असायचा, कोणाच्या छातीत कळ यायची. साळूची छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. पहाटे पहाटे तर कोणते दुःख आपले आणि कोणते दुसऱ्याचे, हेच तिला उमगेनासे व्हायचे.

आणि सगळेच खडे असे जड नव्हते, बरे का. पाटलांची काळजी अशी होती, की जत्रेत पलीकडच्या गावच्या पाटलाचा फेटा आपल्यापेक्षा मोठा दिसला तर काय. ही काळजी साळूने आठ महिने रोज रात्री वाहिली.

दिवसा तिचे हात थरथरायचे. भाकरी करपायची. ताकात मीठ घातले की नाही, हे आठवायचे नाही, मग ती दोनदा घालायची. रात्रभर गाढ झोपून टवटवीत झालेली माणसे तिला पाहून हसायची.

"जागलीणबाई, डोळे आरशात बघितलेत का? घुबड बरं!" पाणवठ्यावर एक जण म्हणायची.

"फार विचार करता हो तुम्ही," दुसरी म्हणायची. "माणसाने कसं, पाठ टेकली की झोपावं. आम्ही नाही का झोपत?"

वैद्यांनी तर एकदा तिची नाडीही पाहिली. "झोप नाही तुम्हाला," ते म्हणाले. "तळपायाला तेल चोळा. दुधात जायफळ उगाळून घ्या. सात रात्री स्वस्थ पडून राहा."

साळूला आशा वाटली. "मग सात रात्री टोपली कोणाकडे ठेवू, वैद्यबुवा?"

वैद्यबुवा दचकले. "छे छे, टोपली तुमच्याकडेच. माझा खडा नीट सांभाळा आणि मग स्वस्थ झोपा."

लहानांनो, थोरांनो, याला काय म्हणावे? ज्यांनी तिची झोप नेली, तेच तिला झोपेचे धडे देत होते.

त्या वर्षी सुताराने एक नवा खडा आणला. साकवाची देखभाल त्याच्याकडे होती. त्यासाठी गाव त्याला सुगीला धान्य द्यायचे. पहिल्या संध्याकाळी तो घाबरलेला होता. साळूच्या कानाशी लागून म्हणाला, "बाई, साकवाचं डावीकडचं लाकूड आतून पोकळ झालंय. वरून दिसत नाही, पण ठोकलं की ढोलासारखं वाजतं. कोणी पडलं तर?" त्याचा आवाज कापत होता. खडा टाकून तो गेला आणि छान झोपला.

दुसऱ्या संध्याकाळी आवाज कापत नव्हता. "तेच लाकूड, बाई."

दहाव्या संध्याकाळी तो जांभई देत म्हणाला, "कालचंच."

विसाव्या संध्याकाळी तो काही न बोलताच खडा टाकून गेला.

इकडे साळूच्या मनात तो साकव रोज रात्री मोडत होता. एका रात्री त्यावरून गवताचा भारा घेतलेली पोर पडायची, दुसऱ्या रात्री बैल पडायचा. तिसऱ्या रात्री ती स्वतः पडायची. तिला कडकड ऐकू यायची, थंड पाणी अंगाला लागायचे. सुताराचा तीन कोनी खडा ती इतका घट्ट धरायची, की तळहातावर त्याची खूण उमटायची.

सव्विसाव्या दिवशी तिला राहवले नाही. भर दुपारी ती सुताराच्या पडवीत गेली. तो पाटलांसाठी झोपाळ्याची कडी बसवत होता.

"सुतारदादा, ते साकवाचं लाकूड..."

सुताराने इकडेतिकडे पाहिले आणि तोंडावर बोट ठेवले. "बाई! दिवसाढवळ्या? चाल मोडताय तुम्ही."

"अहो, पण लाकूड बदलायला किती वेळ लागतो?"

"लागतो अर्धा दिवस. पण मी खडा दिलाय ना तुम्हाला? मग आता ते माझ्याकडे कुठं आहे?"

त्याला हे खरोखरच पटलेले होते, हीच सगळ्यात वाईट गोष्ट.

मग ती पाटलांकडे गेली. तिने साकवाचे नाव काढताच पाटलांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "जागलीणबाई, कोणाच्या खड्यातलं आहे हे? नको, सांगू नका! आज तुम्ही त्याचं सांगाल, उद्या माझं सांगाल. घरी जा. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे."

साळू घरी गेली. तिला राग आला होता, पण इतकी वर्षे न झोपलेल्या माणसाच्या अंगात भांडायचेही त्राण नसते. ती चुलीपुढे बसली आणि रात्री तेच लाकूड पुन्हा मनात मोडत राहिली.

एकेचाळीस संध्याकाळी तो खडा टोपलीत पडला. बेचाळिसाव्या दिवशी सकाळी साकव मोडला.

त्यावर तेव्हा एकच माणूस होते. कुंभारीण. डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन ती बाजाराला निघाली होती. लाकूड मधोमध तुटले. मडक्यांचा चुरा झाला आणि कुंभारणीचा पाय मांडीत मोडला. ज्या एका बाईने कधी कोणावर आपला भार टाकला नव्हता, नेमकी तीच पडली.

तासाभरात गाव पारावर जमले. कुंभारणीच्या पायाला वैद्यांनी बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या आणि तिला बाजेवर घालून तिथेच आणले होते. ती कण्हत होती. आता सुताराला कोणी तरी विचारील, असे तुम्हाला वाटेल. कोणी विचारले नाही. सुतारच सर्वांत आधी बोलला.

"माझ्याकडे बघू नका. मी खडा दिला होता. एक दिवससुद्धा चुकवला नाही!"

"खरं आहे," पाटील म्हणाले. "खडा दिला म्हणजे माणूस मोकळा. मग साकव मोडला कसा? एकच कारण. जागलीणबाई, काल रात्री तुमचा डोळा लागला."

"लागलाच असणार!" गर्दीतून आवाज आला.

"हल्ली लक्षच नसतं त्यांचं. परवा शेजाऱ्यांचा खडा माझ्या उंबऱ्यावर ठेवला."

पाटलांनी घसा साफ केला. "गावाने यांच्यावर विश्वास टाकला आणि या झोपल्या. आज संध्याकाळपर्यंत टोपली ठेवा आणि घर रिकामं करा."

साळू उभी होती. घर जाणार, हे तिला कळले. या वयात माहेर उरले नव्हते आणि जायला दुसरी जागा नव्हती. तरी भीती वाटायच्या आत तिला दुसरेच काही तरी वाटले. पायाच्या नखापासून ते वर चढत आले आणि डोळ्यांत उतरले. बारा वर्षांत पहिल्यांदा तिचे हात थरथरायचे थांबले.

तिने उजवा तळहात सगळ्यांपुढे धरला. त्यावर तीन कोनांची लालभडक खूण होती.

"झोपले? मी झोपले?" ती म्हणाली. "ही बघा सुताराच्या खड्याची खूण. काल रात्री पहिल्या कोंबड्यापर्यंत तो मुठीत होता. एकेचाळीस रात्री हा साकव मी एकटीने मोडताना पाहिलाय. तुम्ही घोरत होतात तेव्हा तो मोडत होता. पाटील, तुमच्या कानांवर हात होते तेव्हाही तो मोडत होता. काळजी दिलीत मला. कुऱ्हाड दिलीत का? लाकूड दिलंत? चार माणसं दिलीत? दिवसा तोंड उघडायची मुभा तरी दिलीत?"

सुतार एक पाऊल मागे सरला.

"आणि माझंही चुकलंच," ती म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला, पण राग गेला नव्हता. "इतक्या रात्री जागून मी काय केलं? कूस बदलली. घाम पुसला. एका सकाळी उठून त्या साकवावर काट्यांची फांदी आडवी टाकली असती, तरी या आक्काचा पाय वाचला असता. मला वाटायचं, मी जागते आहे म्हणजे मी काही तरी करते आहे. काहीच करत नव्हते मी."

ती घरी गेली आणि टोपली घेऊन आली. त्या दिवशीच्या गडबडीत खडे वाटायचे राहिलेच होते. भर उन्हात तिने ते एकेक करून परत द्यायला सुरुवात केली.

"पाटील, हा तुमचा. जत्रेतला फेटा. आठ महिने सांभाळलाय, कुठं सुरकुती पडलेली नाही."

लोक हसले. पाटलांनी खडा घेऊन फेट्याच्या घडीत लपवला.

"हा तुमचा हो, वैद्यबुवा. पलीकडच्या गावात नवा वैद्य आलाय. जायफळ द्या त्याला."

पण सगळेच खडे तिने असे दिले नाहीत. एका म्हाताऱ्यापुढे ती थांबली, खडा त्याच्या मुठीत ठेवला आणि काही बोलली नाही. एका तरुण सुनेला तिने बाजूला नेले, खडा दिला आणि तिचा हात थोडा वेळ धरून ठेवला. कोणाची कोणती गोष्ट चारचौघांत काढायची नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होते.

शेवटी सुताराचा खडा उरला. तो तिने त्याच्या हातावर ठेवला आणि त्याची बोटे मिटवली. "घट्ट धरा, दादा. टोचतोय का? टोचू द्या."

टोपली रिकामी झाली. तिने ती पाराच्या कट्ट्यावर उपडी ठेवली. "घर मागताय ना? ज्याच्या हाती टोपली, त्याचं घर. ही ठेवली टोपली. उचला, कोणाला हवी ती."

पाटलांनी सुताराकडे पाहिले. सुताराने वैद्यांकडे पाहिले. वैद्यांनी आभाळाकडे पाहिले. छप्पन्न घरांतले एक माणूसही पुढे आले नाही. घर रिकामे करायची गोष्टही पुन्हा कोणी काढली नाही.

बाजेवरून कुंभारीण ओरडली, "का रे? सोपं होतं ना? पाठ टेकली की झोपायचं!"

त्या रात्री गावात पहिल्यांदा सगळ्या घरांत दिवे जळत राहिले. कोणी सारखे कूस बदलत होते, खाटा करकरत होत्या, माणसे अंगणात येरझाऱ्या घालत होती. पाटलांना त्या रात्री कळले, की फेट्याखाली आणखी एक काळजी दडलेली होती. त्यांचा थोरला मुलगा वर्षभर त्यांच्याशी नीट बोललेला नव्हता.

साळूला तरी झोप लागली का? नाही. टोपली नव्हती, तरी तिची बोटे अंथरुणावर खडे चाचपत होती. बारा वर्षांची सवय एका भाषणाने जात नाही. शेवटी ती उठली आणि कुंभारणीकडे गेली. ती पायाच्या ठणक्याने जागीच होती.

"आक्का, तू खडा आणत नव्हतीस. तुला काळजी नव्हती का गं?"

"नव्हती कशी? नवरा गेला तेव्हा चार लेकरं होती आणि भट्टी फुटली होती." कुंभारीण हळूच पाय सरळ करत म्हणाली. "पण मला माझ्या सासऱ्यांनी एक शिकवलं. माती दिवसा मळायची. रात्री हात घातला तर तिच्यातले खडे सापडत नाहीत, नुसता चिखल होतो. म्हणून मी ऊन असेपर्यंत कोणाला तरी सांगून टाकायची, हे असं असं आहे. जे हातात आहे त्यातलं उद्या काय करायचं, ते ठरवायची. जे हातात नाही, त्याला म्हणायची, तू बस बाहेर."

"आणि ते बसतं बाहेर?"

"नाही बसत. चारदा आत येतं. पाचव्यांदा दमतं. मग मीही दमते."

साळू हसली. हसता हसता तिने भिंतीला डोके टेकले. तिच्या छातीवरचे एकच ओझे राहिले होते, तिचे स्वतःचे, जे तिने कधी कोणाला सांगितले नव्हते. ते तिने त्या भिंतीशी बसून कुंभारणीला सांगितले. सांगून पुरे व्हायच्या आतच तिचा डोळा लागला. कुंभारणीने हात लांबवून तिच्या अंगावर वाकळ ओढली.

उजाडायच्या आधी ओढ्यावरून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येऊ लागले. रात्रभर जागलेला सुतार नवे लाकूड तासत होता. पाटलांचा मुलगा दोर धरून उभा होता आणि पाटील स्वतः, फेटा न बांधता, दुसरे टोक धरायला आले होते. दुपारपर्यंत साकव झाला. एकेचाळीस रात्रींचे काम अर्ध्या दिवसात झाले.

पुढे गावाने नियम उलटा केला. रात्रीची गोष्ट दिवसाच काढायची. ऊन उतरायच्या आत लोक पारावर येऊन बसू लागले. कोणी आपला खडा पुढे ठेवायचा आणि बाकीचे विचारायचे, यात उद्या करण्यासारखे काय आहे? कोणी दोर द्यायचे, कोणी बैल द्यायचे, कोणी नुसते ऐकून घ्यायचे. ज्यात करण्यासारखे काहीच नसायचे, तो खडा घरी जाताना ओढ्यात टाकायचा. गावाची झोप पूर्वीसारखी ढाराढूर राहिली नाही. कधी लागायची, कधी नाही. पण साकव पुन्हा मोडला नाही. आणि कुंभारीण चालू लागेपर्यंत सुतार रोज तिची माती वाहून देत होता, कोणी न सांगता.

एकदा मात्र पाटील दिवेलागणीनंतर हळूच साळूच्या दारात आले. मूठ मिटलेली होती.

"जागलीणबाई, आजच्या रात्रीपुरता एवढा एकच..."

साळूने दिवा मालवला आणि आतूनच सांगितले, "पाटील, या घरात आता साळू राहते. उद्या उन्हात या."

तात्पर्य: आपली काळजी दुसऱ्याच्या उशाशी ठेवून जो झोपतो, तो दोघांची रात्र बिघडवतो. काळजीचे काम दिवसा, सर्वांनी मिळून करावे, म्हणजे रात्र झोपेसाठी उरते.